आशाताईच्या पिशवीतलं गडचिरोली

सेनगाव किंवा कळमनुरी तालुक्यातल्या एखाद्या गावात बाळंतीण दवाखान्यातून घरी आली की तिसऱ्या दिवशी आशाताई दारात उभी राहते. मग सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. बाळ घरीच जन्मलं असेल तर पहिल्याच दिवशीची एक भेट जास्त. तिच्या पिशवीत झोळीचा वजनकाटा असतो, थर्मामीटर असतो, सेकंद दाखवणारं घड्याळ असतं. ती बाळाचा श्वास मिनिटभर मोजते, अंग गार पडलंय का बघते, छाती आत ओढली जाते का बघते, नीट दूध ओढतंय का ते आईला विचारते आणि सगळं एका छापील कागदावर उतरवते. तो कागद पुढे गटप्रवर्तकाकडे, तिथून प्राथमिक आरोग्य केंद्रात. घरच्यांना हे सगळं सरकारी वाटतं, आणि आता ते सरकारीच आहे. पण घड्याळ लावून बाळाचा श्वास मोजायची ही रीत कुठल्या मंत्रालयात जन्मली नाही. ती गडचिरोलीत एका सेवाभावी संस्थेनं घडवली.

हिंगोली हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला जिल्हा. हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगाव आणि औंढा नागनाथ असे पाच तालुके, २०११च्या जनगणनेत लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या आसपास. औंढ्याचं ज्योतिर्लिंग, नामदेवांचं नर्सी आणि वसमत-हिंगोलीची हळद यांसाठी हा भाग ओळखला जातो, आरोग्यासाठी नाही. जामखेड म्हटलं की आरोळे आठवतात, गडचिरोली म्हटलं की बंग, वर्धा म्हटलं की कुष्ठरोगाचं काम. हिंगोलीच्या नावाशी असं देशभर माहीत असलेलं धर्मादाय आरोग्य केंद्र जोडलेलं नाही. म्हणून तर हा जिल्हा तपासायला चांगला. मोठी संस्था जिथे बसलेली आहे तिथे काम चांगलं होणारच. ती जिथे कधी आलीच नाही, तिथल्या उपकेंद्रात तिच्या कामाचा काही अंश सापडतो का, यावर तिच्या आणि सरकारच्या भागीदारीची किंमत ठरवावी, असं मला वाटतं.

गडचिरोलीची गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकलेली असते, पण तिचा उत्तरार्ध क्वचित सांगितला जातो. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६मध्ये ‘सर्च’ ही संस्था काढली. १९९३ ते १९९५ या काळात त्यांनी ३९ गावांत नवजात मृत्यूंची मोजणी केली, तेव्हा हजार जन्मांमागे ६२ बाळं पहिल्या महिन्यातच दगावत होती. दवाखाना लांब, सवा महिना बाळंतिणीनं बाहेर पडायचं नाही अशी रीत, आणि एवढंसं बाळ घेऊन जायचं तरी कुठे? संस्थेनं उलटा विचार केला. गावातलीच थोडी शिकलेली बाई निवडायची, तिला नवजात बाळ तपासायला शिकवायचं, गुदमरलेल्या बाळाला श्वास द्यायला शिकवायचं, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखायला शिकवायचं आणि आईवडील बाळाला दवाखान्यात नेणार नसतील तर जेंटामायसिनचं इंजेक्शनही तिलाच द्यायला लावायचं. ही आरोग्यदूत. तीन वर्षांत नवजात मृत्यूंचं प्रमाण हजारी २५च्या आसपास आलं. १९९९च्या डिसेंबरात ‘लॅन्सेट’मध्ये हे छापून आलं आणि जगभरच्या बालरोगतज्ज्ञांत खळबळ उडाली. पाचवी-दहावी शिकलेली बाई तान्ह्या बाळाला सुई टोचते, हे अनेकांच्या पचनी पडेना.

इथून पुढचं काम कंटाळवाणं, आणि माझ्या मते खरं महत्त्वाचं. ३९ गावांत जमलं ते त्या डॉक्टर दांपत्यामुळे जमलं की पद्धतीमुळे? हे कळायला ‘अंकुर’ प्रकल्पात महाराष्ट्रातल्या सात वेगवेगळ्या संस्थांनी आपापल्या गावांत आणि वस्त्यांत तीच पद्धत चालवून पाहिली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनंही वेगवेगळ्या राज्यांत तिची चाचणी घेतली. २००९मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी नवजात बाळाच्या घरी भेटी द्याव्यात असं संयुक्त निवेदन काढलं. त्यामागे गडचिरोलीसह भारत, बांगलादेश आणि पाकिस्तानातल्या चाचण्या होत्या. आणि २०११मध्ये केंद्र सरकारनं आशांसाठी घरच्या घरी नवजात काळजीच्या मार्गदर्शक सूचना जाहीर केल्या. आशांच्या प्रशिक्षणाचं सहावं आणि सातवं पुस्तक तयार करताना ‘सर्च’चं काम समोर होतं. पहिल्या मोजणीपासून सरकारी आदेशापर्यंत जवळपास १८ वर्षं गेली. मग ते घड्याळ कळमनुरीला पोचलं.

पोचताना वाटेत काय काय गळालं, हेही सांगायला हवं. इंजेक्शन गळालं. आशानं ते द्यायचं नाही, बाळाला वर पाठवायचं, असं ठरलं. गडचिरोलीत आरोग्यदूताच्या कामावर दर पंधरवड्याला कुणीतरी येऊन नजर टाकत असे, तिची चूक तिथल्या तिथे दुरुस्त होत असे. सरकारी रचनेत गटप्रवर्तक आहे, पण तिच्या वाट्याला वीसेक आशा, त्यांचे अहवाल, बैठका आणि दर महिन्याला नवा फॉर्म. बाळामागे आशाला सहा-सात भेटींचे मिळून २५० रुपये. पद्धत तीच, पण पातळ झालेली. ताक पातळ केलं तरी ताकच राहतं, तसं काहीसं. फक्त त्यावर पोट भरेल अशी अपेक्षा करू नये.

घानामध्ये हे आकड्यांत दिसलं. तिथे ब्राँग आहाफो भागात आरोग्य खात्याच्या गावपातळीवरच्या आधीपासूनच असलेल्या स्वयंसेवकांना घरभेटी शिकवून मोठी चाचणी घेतली गेली. २०१३मध्ये तिचा निकाल आला. आयांचं वागणं बदललं, बाळ उबदार ठेवणं, लवकर दूध पाजणं वाढलं, पण नवजात मृत्यू कमी झाले ते जेमतेम आठ टक्के, आणि तीही घट योगायोगाची नाही असं ठामपणे म्हणता येईना. गडचिरोलीतले साठ टक्के कुठे आणि हे आठ टक्के कुठे! काहींनी त्यावरून घरभेटी फोल ठरवल्या. मला त्यातून वेगळं दिसतं. संस्थेच्या हातातली पद्धत आणि सरकारच्या हातातली पद्धत या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी चालते का याची तपासणी आदेश निघण्याआधीच व्हायला हवी. घानाच्या आरोग्य खात्यानं ती होऊ दिली. आपल्याकडे आदेश आधी निघतो.

संस्थेची पद्धत सरकारच्या हातात जाऊन पातळ होण्याचा हा अनुभव महाराष्ट्राला नवा नव्हता. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७०मध्ये जामखेडला आले, तेव्हा आधी त्यांनी प्रशिक्षित नर्सनाच खेड्यात ठेवून पाहिलं. त्या तिथे रमेनात. मग गावानं निवडलेल्या बायका शिकवायला घेतल्या. त्यात दलित होत्या, निरक्षर होत्या, नवऱ्यानं टाकलेल्याही होत्या. दर आठवड्याला जामखेडला यायचं, रात्री एकत्र राहायचं, गावात काय झालं ते सांगायचं, नवं शिकून परत जायचं. १९७५मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं लोकांच्या हातातल्या आरोग्यसेवेवर जे पुस्तक काढलं, त्यात जामखेडवर प्रकरण होतं. १९७८मध्ये आल्माआटाच्या परिषदेत ‘सर्वांसाठी आरोग्य’ची घोषणा झाली, तिच्या पाठीमागे अशाच थोड्या प्रयोगांचा अनुभव उभा होता. पुढे आफ्रिकेतल्या देशांतूनही लोक शिकायला जामखेडला येऊ लागले.

आल्माआटाच्या आदल्या वर्षी, २ ऑक्टोबर १९७७ला, भारत सरकारनं गावोगावी आरोग्यसेवक नेमायची योजना सुरू केली. तीन महिन्यांचं प्रशिक्षण आणि महिना ५० रुपये मानधन. कल्पना जामखेडच्या जातकुळीतली, पण निवड ग्रामपंचायतींकडे गेली आणि बहुतेक ठिकाणी पुरुष निवडले गेले. बाळंतिणीच्या खोलीत ज्याला कुणी येऊ देणार नाही, तो आरोग्यसेवक झाला. दर आठवड्याची शिकवणी नव्हती, मागे उभं राहणारं कुणी नव्हतं. योजना हळूहळू विरत गेली. २००५मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं, तेव्हा ‘आशा ही बाईच असेल आणि त्याच गावची असेल’ अशी अट घातली गेली. ती अट कागदावर यायला २८ वर्षं लागली.

संस्थांनी घडवलं आणि सरकारनं उचललं, अशी उदाहरणं आणखी आहेत. गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशननं १९५१पासून वर्ध्यात सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार ही त्रिसूत्री बसवली. घरोघर जाऊन रुग्ण शोधायचे, भीती घालवायची, घरीच गोळ्या द्यायच्या. १९५५च्या राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रमानं तीच वाट धरली. हिंगोलीत आजही कुष्ठरोग शोधमोहिमेत आशाताई घरोघर फिरून अंगावरचे बधिर चट्टे बघते, ती वर्ध्याचीच चाल.

संस्थेनं सरकारला टाळून काम केलं तर काय होतं, हे पाहायला आफ्रिकेत जावं लागतं. १९९२मध्ये मोझांबिकचं यादवी युद्ध थांबलं. आरोग्य खातं मोडकळीला आलेलं, आणि मदत करायला परदेशी संस्थांची रीघ. त्यांनी जिल्हे आपसांत वाटून घेतले. प्रत्येकीचं वेगळं औषध भांडार, वेगळी गाडी, वेगळी नोंदवही, वेगळा अहवाल. सगळ्यात मोठं नुकसान मात्र पगारानं केलं. सरकारी दवाखान्यातला डॉक्टर किंवा नर्स तिथे जे कमावत होती त्याच्या कितीतरी पट संस्था देत होत्या. जी माणसं दवाखाने सावरू शकली असती, तीच संस्थांच्या कार्यालयांत प्रकल्प अधिकारी झाली. मदत जितकी वाढली तितका सरकारी दवाखाना ओस पडला. अखेर २००८मध्ये काही संस्थांनीच पुढाकार घेऊन एक आचारसंहिता लिहिली: सरकारी माणसं पळवायची नाहीत, पगाराची मर्यादा पाळायची, समांतर यंत्रणा उभारायची नाही, सरकारच्या आराखड्यात बसेल तेच करायचं. चोरानं चोरीविरुद्ध नियम करावेत असं काहींना ते वाटलं, पण नियम चांगले होते.

इथिओपियानं हे आधीच ओळखलं होतं. ‘एक आराखडा, एक अंदाजपत्रक, एक अहवाल’ हे त्यांच्या आरोग्य खात्याचं धोरण. बाहेरचा पैसा घ्यायचा, पण तो आपल्या आराखड्यात ओतायचा. २००३पासून त्यांनी खेड्यांत प्रत्येक वस्तीगटामागे दोन तरुणी आरोग्यसेविका म्हणून नेमल्या, तीस हजारांहून जास्त. प्रशिक्षणाला आणि साहित्याला जागतिक निधीचा पैसा, पगार मात्र सरकारचा. त्या पगारी नोकर आहेत, मानधनावरच्या स्वयंसेविका नाहीत. महाराष्ट्रातल्या आशांनी २०२३च्या अखेरीस आणि २०२४च्या सुरुवातीला संप केला, थंडीत आझाद मैदानावर बसल्या, आणि मार्चमध्ये मंत्रिमंडळानं दरमहा पाच हजारांची वाढ मंजूर केली, तेव्हा हा इथिओपियाचा फरक आठवल्याशिवाय राहत नाही. २०२२मध्ये याच आशांना जागतिक आरोग्य संघटनेनं सन्मानित केलं होतं. सन्मानानं किराणा भरता येत नाही.

रवांडाची वाट थोडी निराळी. ‘पार्टनर्स इन हेल्थ’ ही अमेरिकी संस्था तिथे २००५मध्ये सरकारच्या बोलावण्यावरून आली. बुरेरा जिल्ह्यात जिल्हा रुग्णालयच नव्हतं. संस्थेनं बुटारोला ते बांधलं आणि २०११मध्ये सुरू झालं. पण पाटी आरोग्य मंत्रालयाची, कर्मचारी बहुतांशी सरकारी, औषधांची यादी सरकारी. पुढच्याच वर्षी तिथे कर्करोगावर उपचार सुरू झाले. त्याआधी, २०११मध्येच, रवांडानं गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची लस देशभर शाळांतून द्यायला सुरुवात केली होती, आफ्रिकेत पहिल्यांदा. लस कंपनीनं सुरुवातीला दान दिली. टोचणारे हात सरकारचे होते, आणि म्हणून दान संपल्यावरही टोचणं थांबलं नाही.

सरकारी हातांनी रोग संपल्याचं उदाहरण आपल्याकडेही आहे. जुन्या माणसांना नारू आठवत असेल. पायावर फोड येऊन त्यातून हातभर लांब पांढरा दोरा निघायचा, काडीला गुंडाळत गुंडाळत रोज थोडा ओढायचा. महाराष्ट्र हे नारूच्या राज्यांपैकी एक होतं, आणि कारण होतं पायऱ्यांच्या विहिरी. फोड आलेला माणूस बारवेच्या पाण्यात पाय बुडवी, नारूची पिल्लं पाण्यात सुटत, पाण्यातले बारीक जलकीटक ती खात आणि ते पाणी पिणाऱ्याच्या पोटात वर्षभरानं नवा नारू तयार. लस नाही, औषध नाही. १९८४मध्ये देशात सुमारे ४० हजार रुग्ण होते. पायऱ्या बुजवून रहाटाच्या विहिरी केल्या, पाणी फडक्यातून गाळायला शिकवलं, विहिरीत औषध सोडलं, हातपंप घातले. शेवटचा रुग्ण १९९६च्या जुलैत राजस्थानात सापडला आणि २०००मध्ये भारत नारूमुक्त ठरला.

आफ्रिकेत हेच काम अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या संस्थेनं १९८६पासून अंगावर घेतलं. तेव्हा जगात ३५ लाखांच्या आसपास रुग्ण होते, २०२४मध्ये १५. कार्टर सेंटरनं एकही दवाखाना काढला नाही. प्रत्येक देशाच्या आरोग्य मंत्रालयात नारूचा वेगळा कक्ष, गावोगावी स्वयंसेवक, गाळणीची फडकी आणि दर महिन्याचा आकडा, एवढंच. सुदानमध्ये युद्ध आडवं आलं, तेव्हा १९९५मध्ये कार्टर यांनी जवळपास सहा महिन्यांचा युद्धविराम घडवून आणला, तोही आरोग्यसेवकांना गावात जाता यावं म्हणून. माजी राष्ट्राध्यक्षाचं वजन हे असं वापरता येतं, हे कळलेले माजी राष्ट्राध्यक्ष थोडे.

मराठवाड्यातली सगळ्यात मोठी भागीदारी मात्र कर्करोगाची आहे, आणि हिंगोलीला आज तिचीच गरज आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला नर्गिस दत्त यांच्या नावाचं कर्करोग रुग्णालय आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या साथीनं तिथे १९८७मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली: आसपासच्या गावांत कुणाला कोणता कर्करोग झाला याची घरोघर फिरून केलेली नोंद. त्या नोंदींत गर्भाशयमुखाचा कर्करोग ठळकपणे दिसत होता. तो होण्याआधी दहा-दहा वर्षं पेशींमध्ये बदल होत राहतात, आणि त्या काळात बाईला काहीही जाणवत नाही. त्या वेळी सापडलं तर थोडक्या उपचारानं काम भागतं. पण सापडवायचं कसं?

१९९९मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात याचा शोध सुरू झाला. टाटा मेमोरियल, बार्शीचं रुग्णालय आणि फ्रान्समधल्या लिऑनची जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संस्था एकत्र आल्या. पैसा बिल आणि मेलिंडा गेट्स यांच्या प्रतिष्ठानकडून आला. गावांचे ५२ गट पाडले. तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया. एका गटाची या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूसाठी तपासणी, दुसऱ्याची पेशींची, तिसऱ्याची व्हिनेगरसारखं पातळ ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी, आणि चौथ्याला फक्त माहिती. आठ वर्षांनी हिशेब मांडला. एचपीव्ही तपासणी झालेल्या ३४,१२६ स्त्रियांत या कर्करोगानं ३४ मृत्यू झाले, काहीच तपासणी न झालेल्या ३१,४८८ स्त्रियांत ६४. आयुष्यात एकदाच केलेल्या एका तपासणीनं मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. २००९च्या एप्रिलमध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये हा निकाल छापला गेला. आज आफ्रिकेतले देश एचपीव्ही तपासणीचे कार्यक्रम आखतात, ते जागतिक आरोग्य संघटनेच्या ज्या शिफारशींवर, त्यांच्या पायात तुळजापूर-उमरग्याकडच्या बायकांचा सहभाग आहे.

त्या चौथ्या गटाबद्दल पुढे बोचरे प्रश्न विचारले गेले. पाश्चात्त्य देशांत ही तपासणी जुनी झालेली असताना एकतीस हजार बायकांना ती न देता नुसतं मोजत राहणं योग्य होतं का? संशोधकांचं उत्तर असं, की त्या काळी भारतात नेहमीची सेवा म्हणजे शून्य तपासणीच होती, आणि कोणती पद्धत खेड्यात चालते हे सिद्ध झाल्याशिवाय सरकार काही उचलणार नव्हतं. दोन्ही बाजू मला कळतात. पण हे उत्तर देताना सरकारी सेवा शून्य आहे हे गृहीत धरलं जातं आणि त्या शून्याचा जाब कुणालाच विचारला जात नाही, हे खटकतं. याहून वाईट उदाहरण शेजारच्या राज्यांत घडलं. २००९-१०मध्ये ‘पाथ’ या संस्थेनं खम्मम आणि वडोदरा इथे मुलींना एचपीव्ही लस देऊन पाहिली. खम्ममच्या वसतिगृहांत आईवडिलांऐवजी वॉर्डननी संमतीपत्रांवर सह्या केल्याचं उघड झालं. काही मुलींच्या मृत्यूनंतर प्रकल्प थांबवला गेला आणि २०१३मध्ये संसदीय समितीनं कडक ताशेरे ओढले. मृत्यू लसीनं झाले असं चौकशीत ठरलं नाही, पण लसीवरचा विश्वास कित्येक वर्षं मागे गेला. सरकार सोबत आहे म्हणजे लोकांना विचारायची गरज उरली नाही, अशी समजूत अशा भागीदारीत पटकन होते.

त्या समजुतीला महाराष्ट्रातच एक उतारा शोधला गेला होता. २००७पासून पुण्याच्या ‘साथी’ संस्थेच्या समन्वयातून पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. मराठवाड्यातून तेव्हाचा उस्मानाबाद त्यात होता. गावसमिती आपल्या उपकेंद्राला लाल, पिवळा किंवा हिरवा शेरा द्यायची आणि जनसुनवाईत तालुका आरोग्य अधिकाऱ्यासमोर बाया उभ्या राहून विचारायच्या, बाहेरची औषधं का लिहून देता, नर्सबाई मुक्कामी का नाही? संस्थेनं सरकारला मदत करण्याचा हा प्रकार अधिकाऱ्यांना सगळ्यात कमी आवडतो.

आता हिंगोली. मार्च २०२५मध्ये जिल्ह्याचं नाव एकदम राज्यभर झालं. जिल्हा प्रशासनाच्या ‘संजीवनी’ मोहिमेत आशांनी घरोघर जाऊन प्रश्नावली भरून घेतल्या होत्या. आरोग्यमंत्री प्रकाश आबिटकर यांनी विधिमंडळात सांगितलं, की २,९२,९९६ स्त्रियांपैकी १४,५४२ जणींत कर्करोगासारखी लक्षणं आढळली. बातम्यांचे मथळे असे, की जणू चौदा हजार बायकांना कर्करोग झाला. त्याच उत्तरातले पुढचे आकडे कमी लोकांनी वाचले: तोवर निदान पक्कं झालेल्यांत गर्भाशयमुखाच्या तीन, स्तनाची एक आणि तोंडाच्या कर्करोगाच्या आठ. बारापैकी आठ तोंडाच्या, आणि सगळ्या बायका. मिसरी, तंबाखू, गुटख्याबद्दल आणखी काय सांगायचं? गुटख्यावर राज्यात २०१२पासून बंदी आहे, हे पानटपरीवर कुणाला माहीतही नसेल.

जिल्ह्यातल्या एवढ्या बायकांच्या दारात जाऊन हा प्रश्न विचारला गेला, हे मोठंच काम, आणि आशांशिवाय ते झालं नसतं. पण प्रश्नावली लक्षणं शोधते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची आधीची अवस्था लक्षणांशिवाय असते, हाच तर धाराशिवचा धडा. ज्या बाईला काहीच होत नाही तिलाच तपासावं लागतं. केंद्राच्या २०१६च्या सूचनांत तीस ते पासष्ट वयाच्या प्रत्येक स्त्रीची दर पाच वर्षांनी ॲसिटिक ॲसिड लावून तपासणी सांगितली आहे. धाराशिवमध्ये या पद्धतीचा फायदा नीट दिसला नाही, तमिळनाडूत दिंडिगलला दिसला. फरक बराचसा तपासणाऱ्या नर्सच्या प्रशिक्षणाचा आणि पुढच्या उपचाराचा. म्हणजे खरी अडचण प्रश्नावलीनंतर सुरू होते: संशयित बाईची तपासणी कुणी करायची, तुकडा कुठे पाठवायचा, अहवाल किती दिवसांत यायचा, आणि शेतात कापूस वेचायला गेलेल्या बाईला तो कुणी सांगायचा.

इथे सेवाभावी संस्थेला करण्यासारखं पुष्कळ आहे, आणि ते शिबिर नाही. शिबिरं भरपूर होतात. मंडप, फलक, मान्यवरांचं दीपप्रज्वलन, रक्तदाब, साखर, चष्मे. संध्याकाळी मंडप उतरला की रुग्णाची नोंदही उतरते. हिंगोलीत कमी पडतात ती गर्भाशयमुख तपासायची दुर्बिणीसारखी यंत्रं, ती चालवणाऱ्या नर्स, तुकड्याचा अहवाल देणारा तज्ज्ञ आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयापर्यंत किंवा बार्शीपर्यंत बाईच्या मागे लागणारं माणूस. क्षयरोगात अशी जोड थोडीफार जमली आहे. २०२२च्या सप्टेंबरपासून ‘निक्षय मित्र’ म्हणून व्यापारी, मंडळं, पतसंस्था रुग्णांना सकस आहाराचा शिधा देतात. पण गोळ्या, तपासणी आणि रुग्णाच्या खात्यातले महिन्याचे पैसे सरकारचेच राहतात. शिधा बंद झाला तरी उपचार थांबत नाही.

दान किती पुरेल याला मर्यादा आहे. ऑक्टोबर २०२३च्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत २४ मृत्यू झाले, त्यात १२ नवजात बाळं होती. हिंगोली, परभणी आणि तेलंगणातून ‘रेफर’ होऊन आलेले रुग्ण तिथेच पोचतात. रिकामी पदं आणि अडलेली औषध खरेदी कोणत्याही प्रतिष्ठानाच्या धनादेशानं भरून निघत नाही. २०२४मध्ये हिंगोलीत शंभर जागांचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. ते नीट उभं राहिलं तर नांदेडचा रस्ता काही जणांना तरी टळेल. आणि बाहेरच्या पैशावर विसंबून राहिलं की काय होतं ते आफ्रिकेनं २०२५च्या जानेवारीत पाहिलं. अमेरिकेनं परदेशी मदत एका आदेशानं गोठवली, एचआयव्हीची केंद्रं बंद पडली, समुपदेशक रातोरात बेकार झाले. ज्या देशांत औषधं आणि पगार सरकारी अंदाजपत्रकात होते तिथे धक्का कमी बसला.

पाच वर्षांच्या नियमानं हिंगोलीतल्या त्या पावणेतीन लाखांहून जास्त बायकांची पुढची फेरी २०३०मध्ये येते. तोवर काही ऊसतोडीला, वीटभट्टीला गेलेल्या असतील, काही पोरी लग्न होऊन वाशीम-परभणीला, काही आशा काम सोडून गेलेल्या, डॉक्टर बदलून गेलेले. राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा वार्षिक आराखडा, ज्याला कार्यालयात सगळे पीआयपी म्हणतात, दरवर्षी जिल्ह्यातून वर जातो. त्यात फेरतपासणीचे किट, नर्सचं प्रशिक्षण आणि संशयित बायकांचा पाठपुरावा यांची ओळ असेल, तर बाहेरून आलेल्या संस्थेला हात लावायला जागा आहे: ती दोन वर्षं प्रशिक्षण देईल, तिसऱ्या वर्षी सरकारी नर्स नव्या नर्सला शिकवेल. ती ओळ नसेल, तर संस्थेनं यंत्र देण्याआधी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याच्या टेबलाशी बसून ती लिहून घ्यावी.